काखमांजरी नव्हती ते

मी शिलाई मशीनवर बसली, पण दोन्ही काखेतले गोळे हात अंगाले लागूच देईना. रेहानाभाभी ड्रेस न्यायले आलेली, माही जुनी गिऱ्हाईक. मी घाटंजीत घरीच बायांचे कपडे शिवतो. पोरीले सव्वा महिनाही नव्हता झाला, पण लगनसराईच्या ऑर्डरी कोणासाठी थांबते?

"काहून व, अजून मुंढाच अडकला?" भाभी म्हणे. मुंढा म्हणजे बाही जोडतो तो काखेजवळचा गोल.

"भाभी, माह्या काखेतच पाहा."

बाळंतपणानंतर छातीत दूध उतरलं, तवाच हे गोळे वर आले. सासू म्हणे काखमांजरी, म्हणजे काखेतलं गळू. गोळ्यावर तिळाएवढा काळा ठिपका, दाबलं का पांढरं निघे. "पू हाय, पिळून टाक." रोज पिळलं, रोज आलं. मंग सासू म्हणे, "अंगात पू तं दुधातही पू. पोरीले नको पाजू." मी भेली. छाती दगडावानी झाली, ठणकली, मंग आपोआप नरमली. पोरगी बाटलीवर, गाईच्या दुधावर. तिले जुलाब लागले, हातपाय काड्यावानी झाले.

भाभीनं पांढरं बोटावर घेतलं, हुंगलं. "पगली, पुवाले घाण येते. हे तं दूध! मलेही काखेत असंच हाय, पाळीच्या वक्ताले फुगते, दुखते. म्हणूनच तं मुंढा ढिला ठेव म्हणतो तुले. जा, डॉक्टरले दाखव."

सासूले घेऊन यवतमाळले गेलो. डॉक्टरीणबाईनं हात लावून पाहलं, सोनोग्राफी केली.

"गळू नाही, कॅन्सरही नाही. काही बायांच्या काखेत जन्मापासूनच थोडं स्तनाचं मांस असतं. छातीत दूध आलं की तेही फुगतं. तो ठिपका म्हणजे अर्धवट बोंडी, स्तनाचं टोक. पिळायचं नसतं, पिळलं की आणखी येतं. अन् पाजणं का बंद केलं?"

मी सासूकडं पाहलं. सासू खिडकीकडं पाहत होती.

"पोरीला लावत राहा छातीला, दूध येईलही," बाई म्हणे.

लावतो. पोरगी तोंड फिरवते, रडून रडून निळी होते, बाटली देली का चूप. वजन काही वाढून नाही राह्यलं. छातीत थेंब नाही, अन् काख अजून ओली. लेकराचं होतं ते आटू देलं, अन् फेकायचं ते रोज पिळून चालू ठेवलं.

काखेत गोळा आला तं डॉक्टरले दाखवा, बायांनो. अन् डॉक्टर सांगत नाही तोवर लेकराले छातीपासून तोडू नका.