आत्याचा चिंचोका

आमची सोनाआत्या देवळात गेली की एक वहाण या दाराशी काढायची, दुसरी त्या दाराशी. म्हणायची, "जोडी गावल्याबिगर चोर हात लावत न्हाय."

आत्या सोलापुरात गिरणीत सुताच्या कांड्या भरायची, मी तिथंच मागावर कापड विणायचो. घरात माझी ख्याती एवढीच, की तोंडात तीळ भिजत नाही. तिच्या संशयाला आम्ही हसायचो. पण एकदा युनियनच्या उघड्या सभेत मामांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, संपासाठी हात वर केला. आमचा जॉबर, म्हणजे मालकानं आमच्यावर नेमलेला मुकादम, कुंपणापलीकडून बघत होता. दुसऱ्या दिवशी मामांचा माग दुसऱ्याला मिळाला आणि मामा कायमचे ओट्यावर बसले. घर आत्याच्या मजुरीवर आलं.

पुढं मजुरी कापायची नोटीस लागली, तेव्हा संपाचं मत गुप्त घ्यायचं ठरलं. व्यवस्था माझ्याकडे! गुप्त काम माझ्याकडे कुणी दिलं, हे गुप्तच राहिलं. मी घोंगडीचा पडदा बांधला. मागं संपासाठी पितळी घागर, कामावर राहण्यासाठी मातीचं मडकं, आणि माणशी एक चिंचोका. घागर तर घासून लखलखीत केली होती. पडद्याबाहेर जॉबर 'सहज' येऊन विडी ओढत बसला.

पहिली आत्या. तिनं दोन्ही भांडी उपडी करून पाहिली आणि चिंचोका मुठीत तसाच धरून बाहेर आली.

"दत्तू, ही घागर कुणी आणली?"

"मी. का गं?"

"ठण् म्हनंल की रं, मुडद्या! ह्यो हितं इडी वडाया न्हाय, कान देऊन बसलाय."

जॉबर हसला. "बाईला संशयाचा रोग हाय."

"व्हय, तुमच्याकडनंच लागलाय."

ओच्यातून आणलेला रद्दी कापूस तिनं परत आत जाऊन दोन्ही भांड्यांच्या तळाशी दाबून बसवला आणि आपला चिंचोका टाकून आली. मग एकेक जण जाऊन आला. एकही चिंचोका वाजला नाही. जॉबरची विडी हातातच विझली.

घागर जड निघाली. संप झाला, कपात टळली, आणि माग कुणाचा काढून घ्यावा हे जॉबरला शेवटपर्यंत कळलं नाही. प्रत्येकाकडे तिरपं बघत फिरायचा बिचारा.

मामांना मात्र शंका, की घरच्या चुलीसाठी हिनं मडक्यातच टाकला असणार. ते विचारून विचारून थकले, तसेच गेले.

आत्याच्या शेवटच्या आजारात मी धीर केला. "आत्या, आता तरी सांग की. कुठं टाकलास?"

तिनं डोळे उघडले. "दार लाव आदी."

मी कडी घातली आणि धावत येऊन कान तिच्या तोंडाशी नेला.

"लावलंस?"

"लावलं."

"आता तूबी भाईर जा."