एका घराचा एकच मेल

पावणेचारला आम्रपाली उठते. गजर लावत नाही. पाच वाजून दहा मिनिटांनी भोसरीच्या चौकात कंपनीची बस येते आणि ती कुणासाठी थांबत नाही. त्याआधी पाणी भरायचं, दोन डबे करायचे, वडिलांच्या सकाळच्या गोळ्या वाटीत काढून ठेवायच्या. साडेसहाला चाकणला लाईन सुरू होते.

तिचे वडील धम्मरत्न आणि मी पत्रा दाबून भाग काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये एकवीस वर्षं शेजारच्या मशीनवर होतो. ती मला काका म्हणते. तिचं कौतुक करायला मी लिहीत नाही. काम नीट करणारी माणसं कमी उरलीत, त्यातलं एक माझ्या डोळ्यांसमोर आहे, म्हणून लिहितो.

गाडीच्या पत्र्याआड वायरींचं जाळं असतं. ते तिच्या कंपनीत बनतं. पहिली चार वर्षं तिनं वायरी बांधल्या. गेली चार वर्षं ती चाचणीच्या टेबलावर आहे. वायरीच्या या टोकाला वीज घातली की त्या टोकाला पोचते का, एवढंच बघायचं. एका जाळ्यात दीडशे वायरी. अंदाज चालत नाही.

त्या टेबलावरचा कॉम्प्युटर सारखा अडकायचा. दुरुस्तीवाला तासाभरानं यायचा, लाईन थांबायची, बोलणी हिला बसायची. तो काय करतो ते ती बघायला लागली आणि वहीत लिहायला लागली. तो म्हणाला, "ताई, तुम्हाला काय करायचंय याचं?" ती म्हणाली, "शिव्या मी खाते, म्हणून मला माहीत पाहिजे."

वर्षभरात त्याला बोलवायची वेळ कमी झाली. मग शेजारणीचा प्रिंटर, मग मोशीची एक सोसायटी, मग एकानं दुसऱ्याला सांगितलं. शिफ्ट सुटल्यावर आठवड्याला तीन-चार घरं व्हायला लागली.

मोशीतल्या एका घरात रोज संध्याकाळी सातला नेट जायचं. तीन जण येऊन गेले होते. एकानं नवा राउटर विकला. आम्रपाली साडेसहाला गेली आणि काही न करता खुर्चीवर बसून राहिली. घरातले वैतागले. सातला घरातल्या काकू आल्या, एक प्लग उपसला आणि त्या जागी देवघराच्या दिव्यांच्या माळेचा प्लग घातला. उपसलेला प्लग राउटरचा होता. तिनं पूर्ण मजुरी घेतली. काकूंचे यजमान म्हणाले, "नुसतं बसायचे एवढे?" ती म्हणाली, "तुमच्या नव्या राउटरपेक्षा कमीच झाले."

चऱ्होलीचं घर मात्र असं हसण्यावारी निघालं नाही.

दत्तोबा आमच्या आळीतले. जुनं शेतकरी घर. बरीच जमीन बिल्डरकडे गेली. रस्त्याकडेला दीड गुंठा उरलाय, त्यावर त्यांचा जीव. त्यांची नात दिव्या डिप्लोमा झालेली. चाकणच्या एका कंपनीत तिची निवड झाली होती. पत्र मेलवर येणार होतं. बरोबरच्या मैत्रिणीला सोमवारी आलं. त्यात लिहिलं होतं, शुक्रवारी सहापर्यंत होकार कळवा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल. दिव्याला काहीच आलं नव्हतं. शुक्रवार उजाडला तेव्हा दत्तोबा माझ्याकडे आले.

"तुज्या त्या दोस्ताची पोरगी कॉम्प्युटर बघती म्हनं?"

"बघते. पण शिफ्ट सुटल्यावर."

"येऊ दे की. आमचा ज्ञानेश हिंजवडीत एवढा मोठा, पर त्याला टाइम न्हाई."

ज्ञानेश म्हणजे दत्तोबांचा पुतण्या. घरातलं कॉम्प्युटरचं सगळं त्यानंच बसवलेलं.

चार वाजून पाच मिनिटांनी आम्रपाली आली. कंपनीचा निळा शर्ट, पाठीवर सॅक. पाणी प्यायली. तासभराचा ओव्हरटाइम सोडून आली होती, ते तिनं सांगितलं नाही. मला बसच्या वेळेवरून कळलं.

कॉम्प्युटरला तिनं हात लावला नाही. आधी विचारलं, "शेवटचा मेल कधी आला होता?"

दिव्या म्हणाली, "दहा दिवस झाले असतील, ताई. मेलबॉक्स भरलाय असं दाखवतंय. मी आठवडाभर डिलीट करतेय. दोन हजार उडवले. तरी भरलेलाच."

"हा मेल तुझा आहे?"

"घराचा आहे."

त्या घरात मेल एकच. रेशनकार्ड एक तसा मेल एक. गॅसचा नंबर, लाईटबिल, सोसायटीची नोटीस, दत्तोबांच्या भजनी मंडळाचे व्हिडिओ, सगळं त्याच्यावर. कॉलेजचा फॉर्म भरताना वडिलांनी तोच दिला. मुलीचा वेगळा मेल कशाला, असं कुणी म्हणालंही नाही. ते कुणाच्या डोक्यात आलंच नाही.

आणि त्याच मेलवर कॅमेरा होता. दीड गुंठ्याच्या कोपऱ्यावर खांब रोवून बसवलेला. समोर काही हललं की फोटो काढायचा आणि मेल करायचा. दोन वर्षांत एक्केचाळीस हजार फोटो.

"हे उडवले की जागा होईल," आम्रपाली म्हणाली.

दत्तोबा उठून उभेच राहिले. "हात न्हाई लावायचा! पुरावा हाय त्यो. उद्या त्या बिल्डरनं कुंपण हातभर सरकावलं तर कोर्टात काय दावू, तुजं तोंड?"

"बरं. नाही लावत."

तिनं वाद घातला नाही. ट्रॅश उघडला. दिव्यानं उडवलेले दोन हजार मेल तिथंच पडून होते. उडवलेला मेल लगेच जात नाही, महिनाभर कोपऱ्यात राहतो आणि जागा अडवतो. भंगार लाईनवरून काढून गोदामात टाकलं, तसंच.

मला वाटलं आता एक बटण दाबेल. तिनं दाबलं नाही. यादी वरपासून वाचत बसली. दहा मिनिटं गेली. दिव्या घड्याळ बघत होती. गॅसच्या कागदाचा एक मेल चुकून गेला होता, तो परत काढला. मग दत्तोबांना जवळ बोलावलं. "आबा, बघून घ्या. यात कॅमेऱ्याचा एक पण फोटो नाही. रिकामा करू?"

"कर."

जागा झाली. तिनं स्वतःच्या फोनवरून एक रिकामा मेल पाठवला. आला. दिव्यानं टाळी वाजवली.

"पत्र येणार नाही अजून," आम्रपाली म्हणाली. "डबा भरलेला असताना आलेले मेल परत गेले. ते आपोआप नाही यायचे. कंपनीत फोन लाव."

"मी? नको ना ताई. आबा म्हणाले, फोन केला तर त्यांना वाटेल पोरगी उतावीळ आहे."

"वाटू दे. उतावीळ पोरगी वेळेवर कामाला येते."

दत्तोबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

दिव्यानं फोन लावला. पलीकडच्या बाई शांत होत्या. म्हणाल्या, तीनदा पाठवलं, तिन्हीदा परत आलं, आम्हाला वाटलं तुम्हाला नोकरी नकोय. आता पुन्हा पाठवते, पण सहा म्हणजे सहा.

पाच वाजून दोन मिनिटं झाली. पाच दहा झाले. काही आलं नाही. दिव्यानं पुन्हा फोन केला. बाई म्हणाल्या, "पाठवलंय. या वेळी परत आलेलं नाही. तुमच्याकडे पोचलंय." आणि त्यांनी फोन ठेवला.

दिव्या रडायला लागली. दत्तोबांनी ज्ञानेशला फोन लावून स्पीकरवर टाकला. मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"काका, जुनं मशीन आहे ते. फॉरमॅट मारा सरळ. सगळं क्लीन होईल."

"ऐकलंस?" दत्तोबा म्हणाले. "मार फॉरमॅट."

आम्रपाली वळलीसुद्धा नाही. "आबा, टपाल मिळालं नाही म्हणून घराची भिंत पाडायची का?"

"अगं पर त्यो इंजनेर हाय!"

"असू दे. बाई म्हणाल्या ना, पोचलंय. मग घरातच आहे. मशीनचा काही दोष नाही."

मी पस्तीस वर्षं मशीनवर काढली. घाईच्या वेळी माणूस काय करतो ते मी खूप बघितलंय. हातोडा घेतो. ही बसून राहिली. मग म्हणाली, "आमच्या टेबलावर एक दोष सापडला की आम्ही जाळं पास करत नाही. पुन्हा पहिल्यापासून तपासतो. पहिल्याच्या मागं दुसरा लपलेला असतो."

तिनं पुन्हा रिकामा मेल पाठवला. आला. मग तसाच दुसरा पाठवला, पण या वेळी सोबत आपल्या बसच्या पासचा फोटो जोडला. बाकी काही बदललं नाही.

आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो. तो मेल आला नाही.

"नुसता येतो, काही जोडलं की येत नाही," ती म्हणाली. "पत्राला कागद जोडलेला असणार. ज्ञानेशदादा, फोनवर आहात?"

"आहे."

"फाईल जोडलेला मेल बाजूला टाकायचा, असा काही नियम लावून ठेवलाय का इथं?"

हॉर्न कमी झाले, त्यानं गाडी कडेला घेतली असावी.

"अरे हां... मागच्या का त्याच्या मागच्या दिवाळीला. काका ओरडत होते, फोटोंनी डोकं उठलंय म्हणून. मी सगळे फोटोवाले मेल एका फोल्डरला वळवले. वाचलेले म्हणून खूणही पडते आपोआप."

"फोटोवाले नाही, दादा. काहीही जोडलेले सगळेच मेल वळवलेत."

"सॉरी."

फोल्डरचं नाव होतं 'प्लॉट'. आत कुणी कधी जात नव्हतं. आम्रपालीनं उघडलं. सगळ्यात वर बसचा पास. त्याच्या खाली, पाच वाजून एक मिनिटाचं, कंपनीचं पत्र.

दिव्यानं खुर्ची ओढली. आम्रपाली उठून बाजूला झाली. "घाई करू नकोस. आधी पूर्ण वाच. मग लिही." दिव्यानं दोनदा वाचलं. पाच छत्तीसला होकार गेला. पावणेसहाला उत्तर आलं, मिळालं, एक तारखेला साडेआठला गेटवर या.

दत्तोबांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग त्यांचं लक्ष पडद्यावर गेलं. पत्राच्या खाली फोटोंची रांग होती. कुत्रं. कुत्रं. धोतरातली एक पाठ. कुत्रं. पुन्हा तीच पाठ, हात मागं बांधलेले.

"ह्यो कोन माझ्या जागेत रोज हिंडतोय?"

"आबा, तुम्हीच आहात," दिव्या म्हणाली.

एक्केचाळीस हजारांत निम्मे तरी ते स्वतः असतील. सकाळ-संध्याकाळ जागा राखायला जातात ना. ते हसले नाहीत. आम्ही हसलो.

मला वाटलं आता ती सॅक उचलेल. अकरा तास काम झालं होतं. पण तिनं तो नियम बदलला, फक्त कॅमेऱ्याकडून आलेले मेल वळतील असा केला. पुन्हा बसच्या पासचा फोटो पाठवला. या वेळी समोर आला. दिव्याचा स्वतःचा मेल काढून दिला आणि पासवर्ड लिहिताना तोंड फिरवून उभी राहिली. मग एका कागदावर चार ओळी लिहिल्या: तारीख, बिघाड काय होता, कशामुळे होता, काय बदललं. कंपनीत मशीन बंद पडलं की अशी चिठ्ठी लिहावी लागते. ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. "पुढं कुणीही आलं तरी त्याला कळलं पाहिजे. मीच येईन असं नाही."

दत्तोबांनी चष्मा लावून ती चिठ्ठी वाचली. ज्ञानेशनं दोन वर्षांपूर्वी अशी एक चिकटवली असती तर पोरगी रडली नसती, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. ते म्हणाले, "पोरी, सॅक घेऊन दारोदार का हिंडती? खाली रस्त्याला आपला गाळा मोकळा हाय. बस की तिथं."

"भाडं?"

"घेनार. डिपॉझिट बी घेनार. फुकटच्या जागेला कुनी झाडू मारत न्हाई."

"मला पटलं," ती म्हणाली आणि गाळा बघायला खाली गेली. भिंतीचा रंग बघितला नाही, शटर वाजवून बघितलं नाही. सॅकमधून मीटर काढून प्लगमध्ये घातला. "आबा, अर्थिंग नाही इथं. लोकांची मशीनं जळतील. आधी ते करून द्या, मग बोलू."

"लई चिकट हाय ही," दत्तोबा मला म्हणाले. पण सोमवारी वायरमन बोलावला.

दिव्या आता चाकणला जाते. आम्रपालीनं लाईन सोडलेली नाही. पहिली शिफ्ट करते आणि साडेचारला गाळा उघडते. ज्या दिवशी गाळ्याचा महिन्याचा धंदा पगाराएवढा होईल त्या दिवशी बस सोडीन, म्हणते. घाई नाही. लोक मशीन आणून ठेवतात, प्रत्येक वायरीला आकड्याची पट्टी लागते, प्रत्येकाला चिठ्ठी मिळते.

डिपॉझिट तिनं हप्त्यानं दिलं नाही. दत्तोबांच्या हातात एकदम ठेवलं. तीन वर्षं शिफ्ट संपल्यावर टेबलाशी उभं राहून केलेला ओव्हरटाइम सगळा त्यात गेला. एवढ्या तासांत तिनं घेतलं काय, तर दहा बाय बाराची जागा, एक शटर आणि नीट अर्थिंग केलेले चार प्लग.