रुपरावासाठी पावशी

महाल भागातल्या एका गल्लीत बाई कामाला जाते आणि पुरुष चूल सांभाळतो असं घर एकच होतं, गोपिकेचं. तिचा नवरा रुपराव कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात कामाला होता. एका हंगामात यंत्राच्या रुळांत सापडून त्याचा डावा हात कोपरापासून गेला. मग गोपिका सूतगिरणीत लागली आणि रुपराव घरी राहिला. बरेच दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्यावर एका सकाळी त्यानं आपणहून चूल पेटवली. आणि काय सांगावं, गड्याच्या हाताला चव निघाली! त्याचं साधं वरणसुद्धा लोक बोटं चाटून खात.

अडत होतं ते भाजीपाशी. एकाच हातानं कांदा धरावा की सुरी? वांगं निसटायचं, बटाटा घरंगळत मोरीपर्यंत जायचा. घरात जुनी पावशी होती, पुण्याकडचे लोक जिला विळी म्हणतात ती. पण रुपराव तिच्यावर बसेना. पाटही एवढासा, तो बसला की डगडगायचा. "अन् ते बायकायचं काम हाय," तो म्हणायचा. मग गोपिका सकाळी घाईघाईत भाजी चिरून जायची, आणि तो चुलीपाशी बसेपर्यंत ती काळी पडायची.

दिवाळी जवळ आली, तशी गोपिकेनं ठरवलं, यंदा पाडव्याला आपणच नवऱ्याला काही द्यायचं. चांगली धारदार सुरी. सुटीच्या दिवशी पदरात एक वांगं बांधून ती सदर भागात, साहेबलोकांच्या सामानाच्या दुकानात गेली.

"असली विलायती माल है, बाई," शेठनं चकचकीत सुरी पुढे ठेवली.

गोपिकेनं डावा हात पाठीमागे घेतला आणि उजव्या हातानं वांग्यावर सुरी चालवली. वांगं टुणकन उडून कपाटाखाली गेलं.

शेठ हसला. "दोनों हाथ लगाओ ना!"

"ज्याच्यासाठी घेऊन राहिली, त्याले एकच हात हाय, शेठ."

शेठचं हसू विरलं. त्यानं लहान, मोठ्या, जाड पात्याच्या, सगळ्या सुऱ्या काढून दाखवल्या. वांग्याच्या फोडी झाल्या, पण एकही सरळ नाही. शेवटी त्यानंच सुऱ्या आवरल्या. "चाकू मत लो, बाई. एक हाथ को चाकू काम का नहीं."

गोपिका हिरमुसून परत निघाली. महालातल्या बाजारातून जाताना मासेवाल्यांच्या ओळीपाशी ती थबकली. मोठ्या मिशांचा एक दांडगा गडी हातभर उंच पात्याच्या पावशीवर बसला होता. पायाखाली रुंद पाट दाबलेला, आणि समोरच्या पात्यावर तो भलामोठा रोहू सरासरा कापत होता. पातं हलत नव्हतं, मासा हलत होता. गोपिका पाहतच राहिली. पातं जागचं हलत नसेल, तर दुसरा हात हवा कशाला?

ती तडक नत्थूजी लोहाराच्या भात्यापाशी गेली.

"मले पावशी पाहिजे. पाट रुंद, वजनदार. गड्याच्या पायाले पुरंल असा."

"गड्याच्या?" नत्थूजीनं घाम पुसत विचारलं.

"हो. अन् पाटावर दोन खिळे उभे ठोकून द्या. बटाटा खोवून ठेवला का हलला नाही पाहिजे, म्हंजे सोलता येईन."

पाडव्याला ओवाळून झाल्यावर तिनं ती पावशी रुपरावापुढे ठेवली.

"काहून वं, तोफ आणली का?" तो म्हणाला. मग ओळखून त्याचा चेहरा पडला. "मी नाही बसत याच्यावर."

"बाजारात मिशावाला गडी बसते. त्याले जाऊन म्हना, बायकायचं काम करून राहिला म्हनून."

रुपरावानं पावशी कोपऱ्यात सरकवली. दुसऱ्या दिवशी गोपिका गिरणीत गेल्यावर मात्र तो बाजारात जाऊन मासेवाल्यासमोर बराच वेळ उभा राहिला. घरी येऊन त्यानं दार लोटलं, पाट पायाखाली दाबला आणि एक वांगं पात्यावर रेटलं. फोड सुटून टपकन ताटलीत पडली. मग दुसरी. पातं जागचं हललं नाही.

संध्याकाळी गोपिका आली, तर गल्लीच्या तोंडापर्यंत मसाल्याचा वास. रुपरावानं तिला वांग्याची भाजी वाढली आणि तिच्या तोंडाकडे पाहत बसला.

"कशी झाली?"

"अजून वाढा," ती म्हणाली.

गिरणीतल्या तारानं एकदा गोपिकेच्या डब्यातली भाजी चाखली आणि आपल्यासाठीही डबा मागितला. मग तिच्या भावानं मागितला. हळूहळू डबे इतके वाढले, की रुपरावानं ओसरीवर पाटांची पंगत मांडून खानावळच सुरू केली. आता तो दार उघडं ठेवूनच भाजी चिरायचा. कुणी थांबून पाहू लागलं, तर म्हणायचा, "पाहत काय बसला गा? कांदे सोल!"

गोपिकेनं गिरणी सोडली नाही. पण भोंगा झाला की ती पूर्वीसारखी धावत घर गाठत नसे. तारासोबत गप्पा करत, रमतगमत यायची, आणि खानावळीत पंगत बसलेली असली तरी तिचं ताट चुलीपाशी आधी वाढलेलं असायचं.