हात माझे, तोंड मोठ्या सुनेचं

माझ्याच घरातून मला बाहेर काढलं. हाताला धरून नाही, गोड बोलून.

"आंटी, आप फ्रेम में आ रही हो. ज़रा बाहर बैठो ना," कॅमेरावाला म्हणाला. मुंबईहून आलेला. पायातले बूट तसेच, माझ्या स्वयंपाकाच्या फरशीवर.

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. पायरीखाली उघडं गटार. थोड्या वेळाने आतून त्यांच्यातली एक मुलगी आली आणि माझ्या हातात माझ्या नवऱ्याचा फोटो दिला, हारासकट. म्हणाली, "हे जरा सांभाळा मावशी. मागे दिसतोय. निगेटिव्ह वाटतं."

मेलेल्या माणसालासुद्धा त्यांनी घराबाहेर काढलं. मी फोटो मांडीवर घेऊन बसले. सगळी गल्ली माझ्या दारात लोटली होती. एकमेकींच्या खांद्यावरून माना काढून बायका आत बघत होत्या. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आत टीव्हीवरची मोठी सून बसली होती ना, चुलीपुढं.

चूलही माझी नाही. माझ्याकडे गॅस आहे. पण गरिबाच्या घरात चूल दिसली पाहिजे म्हणून त्यांनी टेम्पोतून मातीची चूल आणली. माझा सिलिंडर चादरीखाली झाकला. धुराने छत काळं झालं, ते अजून तसंच आहे.

ही मोठी सून म्हणजे एका मालिकेतली नटी. मालिकेत ती सगळ्यांचं सोसते, सासूचे पाय चेपते आणि शेवटी सगळ्यांना सुधारते. रोज संध्याकाळी आमच्या नवागामच्या गल्लीत घराघरातून तिचाच आवाज. लहानपणी ती मामाकडे इथेच सुरतेत, उधन्याला राहिली होती, मतदार यादीत नावही मामाच्याच पत्त्यावर होतं. तेवढ्यावर आमच्या पक्षाने तिला 'सुरतेची लेक' करून उभी केली. आमच्या वॉर्डात. माझ्या सीटवर.

माझ्या म्हणते, कारण ती माझीच ठरली होती.

मी लग्न होऊन धुळ्याकडून सुरतेला आले. नवरा कापडाच्या लूमवर कामाला. मी घरी साड्यांचे धागे कापायची, अजूनही कापते. आमच्या सोसायटीचे प्लॉट ज्या बिल्डरने पाडले त्याने पिण्याचा पाईप आणि गटाराचा पाईप एकाच खड्ड्यात टाकून दिला. पाईप सडले. नळाला पिवळं पाणी यायचं. आम्ही फडक्याने गाळून प्यायचो. फडक्याने कुठं रोग गाळला जातो? माझा नवरा काविळीने गेला. डोळे हळदीसारखे झाले होते त्याचे.

तेव्हापासून मी ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या. नवी लाईन टाका, एवढंच मागणं. साहेब लोक गुजरातीत विचारायचे, "तमे कोण?" मी कोण? मी कुणीच नव्हते. निवडून आलेल्या माणसाला खुर्ची देतात. मला दाराजवळ उभी करत.

म्हणून आप्पा आले तेव्हा मला बरं वाटलं. आप्पा म्हणजे आमच्या छोट्या पक्षाचे अध्यक्ष. स्वतःचे लूम, गळ्यात साखळी, बोलणं मात्र आपल्या माणसाचं. म्हणाले, "ताई, बाईची सीट आहे. तुमच्यासारखी बाई पाहिजे. तुमचंच नाव." मी त्यांच्यासाठी दारोदार फिरले. कुणाच्या मयतीला, कुणाच्या बारशाला, पक्षाचा पट्टा गळ्यात घालून. लोक हसायचे, हा कुठला पक्ष, निशाणी काय? मी समजावत बसायची.

आणि आली ती. आयत्या बिळावर नागोबा. मला कुणी सांगितलंसुद्धा नाही. मी पोस्टरवर वाचलं.

तरी मी घर दिलं. का दिलं? आप्पा म्हणाले होते, "ती निवडून आली की पहिलं काम तुमच्या गल्लीची लाईन." लाईन होत असेल तर तोंड कुणाचं का असेना, असं मी मनाला समजावलं.

तर आत भाकरी चालली होती. चालली कसली, फाटत होती. बाईंना कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी थापता येईना. पीठ बोटांना चिकटायचं, कड तुटायची. कॅमेरावाला वैतागला. मग आप्पा दारात आले आणि मला म्हणाले, "ताई, या जरा आत."

मला वाटलं, शिकवायला बोलावतायत. त्यांनी मला बाईंच्या जागी बसवलं. कॅमेरा खाली, फक्त परातीवर. त्या मुलीने बाईंच्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढल्या आणि माझ्या हातात सरकवायला लागली.

मी हात मागे घेतला. नवरा गेल्यापासून मी बांगडी घातली नव्हती. आमच्यात घालत नाहीत. मी म्हटलं, "मला चालत नाही."

"तोंड थोडंच दिसणार आहे?" ती म्हणाली. "नुसते हात."

बांगड्या चढल्या. माझी हाडं जाड, तिचं मनगट बारीक. मुलीने साबण लावून रेटल्या. मी भाकरी थापली. भाकरी गोल आली, कारण हातांना दुसरं काही येतच नाही. आप्पा वा वा करत होते. मग मला उठवलं, बांगड्या ओढून काढल्या, आणि बाई पुन्हा बसल्या. तव्यावरची माझी भाकरी उलटून कॅमेऱ्याकडे बघून हसल्या. छान हसतात त्या, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ गल्लीत ज्याच्या त्याच्या मोबाईलवर. शेजारची विमल माझ्यापुढं फोन नाचवत आली. "देख व माय, कितली साधी शे! भाकर कशी थापस देख!"

मी म्हटलं, "विमल, त्या हात मन्हा शेतस."

तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा फोनकडे. आणि हसायला लागली. "तुन्हा पोटमा काबर दुखस व? तिकीट नही भेटनं म्हनीसन?"

विमल. जिच्या दोन्ही बाळंतपणांत मीच तिला भाकरी करून घातली. तिला माझे हात ओळखू आले नाहीत. माझ्या लेकीने, पूजाने मात्र ओळखले. कॉलेजला जाते ती. व्हिडिओ थांबवून, मोठा करून तिने अंगठ्याजवळचा भाजल्याचा डाग बघितला. मग हिंदीत म्हणाली, घरात चिडली की ती हिंदीत बोलते, "मम्मी, तूने चूड़ियाँ पहनी?"

मला तिच्याकडे बघवेना. तिच्या बापासाठी काढलेल्या बांगड्या मी कुणासाठी घातल्या? त्या रात्री आम्ही दोघी जेवलो नाही.

मी आप्पांच्या ऑफिसात गेले. म्हटलं, "आप्पा, सीट माझी ठरली होती."

आप्पा चहा पीत होते. मलाही मागवला. मग शांतपणे म्हणाले, "ताई, रागवू नका. तुम्हाला कोण ओळखतं? इतकी वर्षं आपण राबतोय, एका पेपरात दोन ओळी आल्या का? ती आली आणि दारात कॅमेरे. लोक विचारायला लागले हा पक्ष कुणाचा. हेच तर पाहिजे."

"आणि निवडून नाही आली तर?"

"निवडून यायचं कुणाला पडलंय? आपल्याला दिसायचंय. एकदा दिसलो की मोठे आपणहून बोलावतात."

मला तेव्हा नीट कळलं नाही. कळलं असेल, पण मी कळू दिलं नाही. लाईनची आशा चिवट असते. मी चहा पिऊन परत आले आणि पुन्हा पट्टा गळ्यात घातला.

शेवटची सभा डिंडोलीच्या मैदानात होती. भाकरीचा व्हिडिओ इतका चालला होता की लोक भाकरी बघायलाच आले होते. स्टेजवर चूल मांडलेली. चुलीमागे पडदा. पडद्यामागे मी, परात घेऊन. ठरलं असं, की बाई पुढे बसून पिठावर हात मारतील, मी मागून थापलेली भाकरी सरकवायची. लांबून कुणाला कळणार नाही. माझ्याच गल्लीच्या बायका पुढच्या रांगेत, आणि त्यांना तिथे आणलंही मीच.

सभा सुरू व्हायच्या आधी बाई पडद्यामागे येऊन खुर्चीवर टेकल्या. घामाने मेकअप उतरत होता. पहिल्यांदाच आम्ही दोघीच होतो. मी हात जोडले. म्हटलं, "मॅडम, आमच्या गल्लीची पाण्याची लाईन. आप्पांनी सांगितलं असेल तुम्हाला."

वाईट बाई नव्हती ती. आवाज खरा होता तिचा. "मावशी, मला यातलं खरंच काही माहिती नाही हो. मला आजच्यापर्यंतच बोलावलंय. उद्यापासून माझं शूटिंग आहे."

"मग निवडून आल्यावर?"

त्या ओशाळल्या. "ते आप्पा बघतील ना."

बस. एवढंच. कुणी ओरडलं नाही, कुणी मारलं नाही. पण माझ्या पायाखालची जमीन गेली. माझा नवरा, ते पिवळं पाणी, माझं दारोदार फिरणं, यातलं काहीच त्या चुलीपर्यंत पोचलेलं नव्हतं. पोचणारही नव्हतं. लोकांकडे मतं मागायची होती ती लाईन टाकायला नाही, आप्पांना मोठ्यांच्या ओसरीवर बसायला जागा मिळावी म्हणून. आणि त्यासाठी पीठ मी मळत होते.

बाई स्टेजवर गेल्या. टाळ्या, शिट्ट्या. "भाकरी! भाकरी!" लोक ओरडायला लागले. मी परात बाजूला सारली. लोट्यातलं पाणी घेऊन हात धुतले. बोटांमधलं पीठ नीट काढलं.

आप्पा पडद्याआड आले. "ताई, भाकरी?"

मी म्हटलं, "मी नही थापस."

"आता वेळ आहे का नाटकाची?"

"नही थापस."

मग त्यांचा आवाज बदलला. ताई गेलं, अहो-जाहो गेलं. "ए बाई, थाप ना मुकाट्याने! तुला इथं आणली कशाला?"

मी उठून उभी राहिले. गळ्यातला पट्टा काढून परातीतल्या पिठात टाकला आणि मागच्या बाजूने खाली उतरले. मला वाटलं, आता काहीतरी होईल. सभा मोडेल. लोक विचारतील.

काही झालं नाही. बाईंनी माईक हातात घेतला, पदर पसरला, आणि मालिकेत सासूपुढं म्हणतात ते चार शब्द म्हणाल्या. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. विमल रडत होती. भाकरी कुणाला आठवलीसुद्धा नाही. मी मैदानाच्या कडेला उभी राहून बघत होते आणि मला माझी लाज वाटली. मला वाटलं होतं, माझ्यावाचून त्यांचं अडेल.

बाई निवडणुकीत पडल्या. पण मतं भरपूर घेतली. आप्पांना मोठ्या पक्षाने बोलावलं, हार घातला, पद दिलं. आमचा पक्ष त्यात विरघळला. बाई मालिकेत परत गेल्या, अजून सोसतायत. नळाला पाणी तसंच येतं. मागच्या महिन्यात विमलच्या धाकट्याचे डोळे पिवळे झाले. दवाखान्यात नेताना तिने मला हाक मारली. मी गेले. त्या वेळी व्हिडिओचं कुणी बोललं नाही.

आता पुन्हा निवडणुकीचं वारं आहे. आणखी एक छोटा पक्ष निघालाय, म्हणे रीलवर नाचणारी एक पोरगी आणणार आहेत. त्यांचा माणूस आला होता. मला म्हणाला, तुमची गल्लीत ओळख आहे, बायका गोळा करून द्या.

मी म्हटलं, "मी स्वतः उभी राहतेय. अपक्ष."

तो हसला. "डिपॉझिट जाईल, मावशी."

जाईल. मला माहिती आहे. मी गल्लीत सांगायला गेले तर बायकांनी दारातूनच विचारलं, पैसा कुठून आणणार, टीव्हीवर येणार का? पूजा तेवढी माझ्याबरोबर फिरते, आणि तीही लाजत लाजत. विमलने तर तोंडावरच विचारलं, "तुले कोन मत दी व?"

मी म्हटलं, "तू नको देऊ. मी माझं मला देईन."

मी तिची समजूत काढत बसले नाही. मशीनवर उमेदवाराचा फोटो लावतात. तिथं माझं तोंड असेल, हे सुकलेलं, पांढऱ्या कपाळाचं. पडले तर त्या तोंडाने पडेन. पुढच्या वेळी पुन्हा अर्ज भरेन, त्याच्या पुढच्या वेळीही. नवी लाईन जमिनीत जाईपर्यंत मी उभी राहणार आहे.