नकाशावरचा लाल डाग

"हनुवटी टेकवा, कपाळ पुढे, डोळा उघडा, पापणी हलवू नका." डोळ्याचा नकाशा काढणाऱ्या बाई हे इतक्या कंटाळलेल्या आवाजात म्हणाल्या की मलाही जांभई आली. समोर काळ्या-पांढऱ्या वर्तुळांचा बोगदा होता. थोड्या वेळाने स्क्रीनवर माझा डोळा उमटला. कडेला निळा, आत हिरवा, पिवळा आणि खालच्या बाजूला एक लालभडक डाग.

डॉक्टर म्हणाले, बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन पुढे टोक काढतोय. लाल म्हणजे जिथे बाक जास्त ती जागा. मला एका दिव्याचे तीन दिवे दिसतात ते त्यामुळेच. "डोळे अजिबात चोळू नका. सहा महिन्यांनी पुन्हा नकाशा काढू. डाग वाढला तर उपचार करावे लागतील. गेलेली नजर मात्र त्याने परत येत नाही."

शेजारी बाबा बसले होते. एवढ्या बोलण्यातून त्यांनी एकच गोष्ट उचलली. जिन्यात म्हणाले, "बघितलंस ना, केवढी उष्णता आहे डोळ्यात!"

लाल रंगाचा आणि उष्णतेचा संबंध नाही, हे मी कोथरूडला घरी पोचेपर्यंत सांगत होतो. पण बाबांचा जन्म फाउंड्रीत भट्टीसमोर गेलेला. लाल म्हणजे तापलेलं, यात त्यांना शंका नव्हती. ते कामावरून आले की आई त्यांच्या तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासायची. डोळ्यांतली उष्णता पायांवाटे उतरते म्हणून. बाबा अजूनही लांबून येणाऱ्या बसची पाटी माझ्याआधी वाचतात आणि त्याचं सगळं श्रेय त्या वाटीला देतात. आई गेली, वाटी राहिली.

नकाशा काढून आलो त्याच संध्याकाळी ती वाटी बाहेर निघाली. मी पाय मागे घेतले. बापाने मुलाच्या पायाला हात लावायचा, हे मला कसंसंच वाटलं.

"पाय कसले ओढतोस? मी काय तुझ्या पाया पडतोय?"

मग ते रोजचंच झालं. मला त्या दिवसांत वाद घालायचंही त्राण नव्हतं. दिवसभर ऑफिसात अक्षरांच्या मागे अक्षरांच्या सावल्या, परतताना चांदणी चौकातली धूळ, डोळ्यांना खाज आणि चोळायची बंदी. घरी येऊन मी खुर्चीत नुसता पडायचो. बाबा खाली बसून घासायचे. तळवे हळूहळू काळे पडायचे आणि ते खूश व्हायचे. "बघ, किती निघाली!" तूप आणि धातू घासल्याने तो काळेपणा येतो, हे मी एकदा फोनवर वाचून दाखवलं. "असेल," म्हणाले आणि दुसरा पाय घेतला.

सहा महिन्यांनी पुन्हा तोच बोगदा. या वेळी बाई बोलायच्या आधीच मी हनुवटी टेकवली. डॉक्टरांनी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी लावले. कुणी काही सांगायची गरजच नव्हती. लाल डाग पसरला होता.

"मी रोज घासत होतो," बाबा म्हणाले. डॉक्टरांना काही कळेना, म्हणून बाबांनी वाटीचं सांगितलं. डॉक्टर भले होते. "चांगलंच आहे काका, झोप छान लागते त्याने. पण हे त्याने थांबणारं नाही." पुढच्या आठवड्यात उपचार ठरला.

रिक्षात बाबांनी समोरून येणाऱ्या एकाही बसची पाटी वाचली नाही. त्यांचं चुकतंय, हे सहा महिने मी सांगत होतो. आता ते सिद्ध झालं होतं आणि मला अजिबात बरं वाटत नव्हतं. डोळ्याची भीती होतीच, पण त्याहून शेजारचं ते गप्प बसणं सहन होत नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी वाटी घासली, पुसली आणि कपाटात सगळ्यात मागे ठेवली. टीव्ही लावला, पण बघत नव्हते. मी उठलो, कपाटातून वाटी काढली, तुपाचं भांडं घेतलं आणि दोन्ही त्यांच्यापुढे ठेवून खुर्चीत बसलो.

"लाल गेलं नाही म्हणाले ना ते?" बाबांनी टीव्हीकडे बघतच विचारलं.

"नाही गेलं."

"मग?"

"मग काय? घासा," म्हणालो आणि पाय पुढे केले.