दोन्हीकडून कोरलेला बांध

पलूसच्या शाळेत मी इंग्रजी शिकवतो. दहावीला 'अंडरमाइन' हे क्रियापद आलं, की मी शब्दकोश बाजूला ठेवतो आणि आमच्या रानातला बांध सांगतो. एक अर्थ, खालून पोखरणं. दुसरा, एखाद्याचा मान, भरवसा हळूहळू खच्ची करणं. माझ्या वडिलांना आणि चुलत्यांना दोन्ही चांगले जमतात. इंग्रजी दोघांनाही येत नाही.

वाटणी झाली तेव्हा दोघा भावांच्या उसामधून बैलगाडी जाईल एवढा बांध होता. चुलते दर नांगरटीला त्यातली थोडी माती आपल्या रानात ओढायचे. वडील सैन्यातून सुभेदार होऊन आलेले. त्यांनी भांडण केलं नाही, आपल्या बाजूनं कुदळ लावली. शिवाय चुलते पारावर बसून वडिलांना 'नुसता कागदी सुभेदार' म्हणायचे, आणि चुलत्यांच्या पोराला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना वडील आधी आपल्याकडे चहाला बोलवायचे. चहा चांगलाच लांबायचा.

बोलणं केव्हाच बंद झालं होतं. मला दोघांचाही राग यायचा. ज्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितली, त्या चुलत्यांच्या दारावरून मला मान खाली घालून जावं लागायचं.

शेवटी बांध पाऊलभर उरला. सामाईक विहिरीची वाट मात्र तीच. गेल्या हिवाळ्यात दोन्हीकडच्या उसाला पाणी पाजलेलं, नुसता चिखलाचा राडा. वडील मोटर चालू करायला निघाले, मी त्यांच्या मागं. समोरून चुलते येत होते. बरोबर मध्यावर दोघं थांबले. मागं कोण फिरणार? आपल्या रानातल्या चिखलात उतरून वाट तरी कोण देणार? आणि दुसऱ्याच्या रानात पाय ठेवणं तर शक्यच नव्हतं.

दोघंही बराच वेळ उसाची पाहणी करत राहिले. मग चुलते म्हणाले, "आवं दादा, हात द्या. लय घसरतंय."

वडिलांनी हात दिला. एकमेकांचे दंड धरून दोघं म्हातारे जागेवरच गोल फिरले आणि पलीकडं गेले.

"गुडघा कसा हाय?" चुलत्यांनी विचारलं.

"हाय," वडील म्हणाले.



तेव्हापासून कोरणं थांबलंय. बोलणं होतं, पण फक्त बांधावर. परवा मी वडिलांना म्हणालो, "जेसीबी लावून बांध रुंद करून घेऊ. पडाल कवातरी."

"नको," वडील म्हणाले. "रुंद झाला की तुझा चुलता बाजूनं निघून जाईल."