मावशीची मुलाखत

डिप्लोमा संपून सात महिने झाले होते आणि पाच मुलाखतींतून मी हात हलवत परत आले होते. फुलंब्रीहून सकाळच्या एसटीनं निघायचं, मांडीवर फाइल, तोंडात पाठ केलेली इंग्रजी वाक्यं. आणि दुपारी तीच फाइल घेऊन घरी. सहाव्या मुलाखतीच्या सकाळी शेजारी एक बाई बसल्या होत्या. पंचेचाळिशीच्या असतील. साडीवर कंपनीचा निळा कोट. कंडक्टर "जयभीम मावशी" म्हणून पुढं गेला, पासकडं त्यानं पाहिलंही नाही.

माझे ओठ हलत होते. त्यांनी विचारलं, "परीक्षा हाय का?"

"मुलाखत आहे."

"मग पाठ काय करायलीस?"

मी एक वाक्य म्हणून दाखवलं. मी कशी मेहनती आहे, संघात कशी मिसळते वगैरे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "हे ऱ्हाऊ दे. कॉलेजात सोताच्या हातानं काय केलं ते सांग."

शेवटच्या वर्षी आम्ही विहिरीच्या मोटारीसाठी एक पॅनल बनवलं होतं. पाणी खाली गेलं की मोटार आपोआप बंद व्हायची. पहिल्याच चाचणीत ते जळालं होतं, हेही बोलता बोलता तोंडातून गेलं.

"काहून जळालं?"

ते समजावून सांगेपर्यंत चौका गाव मागं पडलं, सावंगी आली. मावशी मधेच अडवून विचारत होत्या आणि मी हातवारे करत सांगत होते. हर्सूलला उतरताना त्या म्हणाल्या, "जळालं ते आधी सांग. बाकीचं ते सोताहून विचारतील."

तसंच झालं. माझी फाइल चाळणाऱ्या साहेबांनी जळालेल्या पॅनलचं ऐकल्यावर फाइल बाजूला ठेवली. चिकलठाण्यात पंपांचे पॅनल बनवणाऱ्या त्या कंपनीत मला नोकरी लागली, तपासणी विभागात.

त्यानंतर आमचा रोजचा प्रवास सुरू झाला. मावशी मोटारसायकलच्या वायरिंगच्या कारखान्यात सोळा वर्षं होत्या. शिक्षण दहावी. तीस बायकांची लाइन त्या चालवायच्या आणि नवीन आलेली प्रत्येक मुलगी आधी त्यांच्याच हाताखाली जायची. त्यांच्याकडं सल्ल्यांचा साठा होता असं काही नाही. मी विचारलं तर सांगायच्या, नाहीतर चौक्याच्या घाटात डोळे मिटून बसायच्या.

आमच्या विभागात एक यंत्र होतं. तारेच्या टोकाला पितळी टोपी दाबून बसवतात. ती किती जोर लावल्यावर निघते ते या यंत्रावर मोजायचं. शिकवणाऱ्यानं घाईत दाखवलं, "कळलं का?" म्हणाला. मला नव्हतं कळलं. मी "हो सर" म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ते पहिल्यांदा माझ्या एकटीच्या हाती आलं आणि दुपारी दुसऱ्या मुलीला तेच लावताना पाहिलं. प्रत्येक वेळी आधी ती काटा शून्यावर आणत होती. मी सकाळपासून एकदाही आणला नव्हता. माझे सगळे आकडे चुकीचे होते आणि हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत लॉकरमधून फोन काढला आणि मावशींना लावला. रडत रडतच झालेलं सांगितलं.

"रडणं मग," त्या म्हणाल्या. "माल कुठं हाय?"

"काही खोकी इथंच आहेत, काही पुढं गेली."

"आधी पुढं जा, ती थांबव. लाल चिठ्ठी लाव सगळ्यांना. किती खोकी, कधीपासूनची, मोज. मग सायबाकडं जा. नुसतं चुकलं म्हणत गेलीस तर त्याला तुलाबी सांभाळावं लागंल अन् मालबी हुडकावा लागंल."

मी सात खोक्यांना चिठ्ठ्या लावल्या आणि साहेबांसमोर उभी राहिले. ते ओरडले, सगळ्यांसमोर ओरडले. मग म्हणाले, "सातच ना? नक्की?" मी हो म्हटलं. सुटीपर्यंत आम्ही दोघांनी मिळून ती पुन्हा तपासली. एका खोक्यातल्या टोप्या खरंच सैल निघाल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांनी ते यंत्र मला पहिल्यापासून स्वतः शिकवलं.

दीड वर्षानं एका सकाळी मावशी निळ्या कोटाशिवाय आल्या. त्यांची लाइन दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात हलवली होती. बायकांना घरी बसवलं होतं. हे त्यांनी गाडीला उशीर झाल्याचं सांगावं तसं सांगितलं.

"मग आज कुठं?"

"काम हुडकायला. घरी बसून सापडतंय व्हय?"

मी त्यांचा बायोडाटा लिहायला घेतला. अनुभवी, मेहनती, प्रामाणिक असं लिहिलं. त्यांनी बोट ठेवलं. "हे खोड. हे समदेच लिव्हतात. सतरा वर्षांत दोनशेच्या वर पोरी शिकवल्या, ते लिव्ह."

आमच्या कंपनीत जोडणी विभागात नव्या मुलींना शिकवायला माणूस हवा होता, मी ते सांगितलं. साहेबांकडं शब्द टाकते म्हणाले, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. "जागा हाय ते सांगितलंस, लई झालं. आत माझं मी बघते."

मुलाखत कारखान्यातच झाली आणि तारांचे नमुने दाखवायला मलाच बोलावलं गेलं. साहेबांनी विचारलं, "कॉम्प्युटर येतो?"

"नाय येत."

"इंग्रजी?"

"वाचते. बोलता नाय येत."

मी खाली बघायला लागले. मावशींच्या आवाजात मात्र कसलाच संकोच नव्हता. त्यांनीच विचारलं, "साहेब, तुमच्याकडं नवीन पोरगी पहिल्या दिवशी कुठं बसवता?"

साहेब म्हणाले, "जिथं जागा रिकामी असेल तिथं."

"दाखवता का?"

दाखवलं. ती जागा लाइनच्या शेवटी होती, सगळा माल जिथं तुंबतो तिथं. मावशी तिथं क्षणभर उभ्या राहिल्या. "इथं जुन्या बाईलाबी घाम फुटंल. नव्या पोरी टिकत नसतील तुमच्या."

टिकत नव्हत्या. महिन्या-दोन महिन्यांत सोडून जात होत्या. साहेबांनी मान डोलावली आणि अर्धा तास त्यांना अख्ख्या लाइनवरून फिरवलं.

तरीही पत्र लगेच आलं नाही. शिकवणाऱ्याच्या पदाला बारावीची अट होती. साहेबांनी वर दोनदा लिहिलं. तीन आठवड्यांनी साध्या कामगाराची जागा देऊ केली, काम मात्र शिकवण्याचं. मला राग आला. मावशी शांतपणे म्हणाल्या, "घेते. पर सहा महिन्यांनी पद बघू, एवढी एक ओळ पत्रात टाका." ती ओळ आल्यावरच त्यांनी सही केली. पहिल्या आठवड्यात त्यांनी नव्या मुलींची जागा लाइनच्या सुरुवातीला आणली. एसटीत माझ्या फोनवर तक्ता भरायला शिकल्या, एका बोटानं, पुटपुटत. आठव्या महिन्यात त्यांना पद मिळालं. त्या वर्षी आलेल्यांपैकी एकच मुलगी सोडून गेली, तीही लग्न ठरलं म्हणून.

एक गोष्ट मला पचायला जड गेली. कारखान्यात त्या मला मॅडम म्हणायच्या. एसटीत पोरी, आत मॅडम. मी एकदा म्हटलं, "मावशी, असं नका म्हणू, मला कसंतरी होतं."

"तुझं काम माल नाकारायचं हाय. माझा मालबी. तिथं मावशी-मावशी केलं तर हात आखडंल तुझा."

पावसाळा सरताना ते खरोखर घडलं. त्यांच्या हाताखालच्या चार नव्या मुलींनी केलेलं एक खोकं माझ्या तपासणीत नापास झालं. मी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. मग लाल चिठ्ठी लावून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी चिठ्ठी वाचली, "बरं, मॅडम," म्हणाल्या. त्या चौघींना जवळ बोलावलं आणि खोकं टेबलावर ओतलं. कुणाच्या हातून झालं हे त्यांनी विचारलं नाही. एकेक तार प्रत्येकीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "बघा बरं, काय दिसतंय?"